दिलेली वस्तू कोणाची?

दानाचा विषय निघाला की आपल्या मनात अन्न, वस्त्र, गाय, भूमी एवढेच येते. परवा एका गावी सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर एका बाईंनी निराळाच प्रश्न घातला. "बुवा, माझा भाचा फौजेत आहे. आता लडाखला चाललाय. पोराला वाचनाचा नाद, म्हणून आम्ही सगळे मिळून ते पुस्तकं वाचायचं यंत्र देणार आहोत. त्यात काय काय भरून द्यावं, ते तुम्ही सांगा."

यंत्र कोणते घ्यावे, हा बाजारातला प्रश्न आहे. तो दुकानदार सोडवील. परंतु त्यात काय भरावे, हा प्रश्न धर्माचा आहे, आणि तो त्या माउलीने विचारला याचे मला कौतुक वाटले.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. ई-रीडर म्हणजे मुलांच्या पाटीसारखी पातळ वस्तू. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि पोटात शेकडो ग्रंथ. त्याची अक्षरे कागदावरच्या शाईसारखी दिसतात, भर उन्हातही वाचता येतात. आतला दिवा लावला नाही तर वीज लागते ती मुख्यतः पान उलटण्यापुरती, म्हणून एकदा चार्ज केले की कित्येक दिवस पुरते. पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला याहून सोयीची पोथी कोणती?

आता गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची जी खूण सांगितली आहे ती पाहू. देश, काल आणि पात्र पाहून द्यावे, आणि परतफेडीची अपेक्षा ठेवू नये. आपण हे श्राद्धपक्षाच्या दक्षिणेला लावतो. इथे लावून पाहा, किती नेमके बसते!

देश कोणता? लडाख. तिथे हिवाळ्यात पारा उणे वीस अंशांच्या खाली जातो. असल्या थंडीत या यंत्रातली बॅटरी मंदावते, अक्षरे उमटायला वेळ लागतो, आणि गोठलेल्या स्थितीत चार्ज केले तर बॅटरी कायमची बिघडते. म्हणजे तिकडे ते अंगाशी, कोटाच्या आत जपावे लागणार. दुसरे असे की लष्कराला आपले नियम आहेत. जुलै 2020 मध्ये भारतीय लष्कराने जवानांना मोबाइलमधून 89 ॲप काढून टाकायला सांगितली होती. बाहेरच्या जगाशी बिनतारी बोलणारी कोणतीही वस्तू तिथे संशयास पात्र असते, आणि ते योग्यच आहे. तेव्हा आधी त्या मुलालाच विचारावे, 'बाबा रे, असले यंत्र तुझ्या तुकडीत चालते का?' पुस्तके घरूनच तारेने भरून घेता येतील आणि बिनतारी भाग बंद ठेवता येईल असेच यंत्र पाहावे. न विचारता दिलेली भेट पेटीत पडून राहते, नाहीतर त्याला वरिष्ठांपुढे उभे करते.

काल आणि पात्र यांविषयी फार बोलायला नको. पहाऱ्यावरून सुटल्यावर रात्र मोठी असते, आणि मुलगा वाचणारा आहे. न वाचणाऱ्याला हेच यंत्र दिले असते तर मी म्हटले असते, लोकरीचे मोजे द्या.

खरी गाठ पुढे आहे. धर्मशास्त्रात दत्तापहार म्हणून एक दोष सांगितला आहे. दिलेले परत घेणे. नारदस्मृतीत तर दिलेल्या वस्तूच्या वादांचे स्वतंत्र प्रकरणच आहे, दत्ताप्रदानिक या नावाचे. आता गंमत पाहा. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉन कंपनीने लोकांनी पैसे देऊन घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके त्यांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकली. ज्याने ती विकायला ठेवली त्याला हक्क नव्हता, असे कारण दिले. पैसे परत केले, पुढे कंपनीच्या प्रमुखाने क्षमाही मागितली. पण लोकांना कळून चुकले की यात आपण पुस्तक विकत घेत नाही, वाचायची परवानगी घेतो. मग जे माझे नाही ते मी दुसऱ्याला दिले, असे म्हणता येईल का? म्हणून ज्यांच्यावर कोणाचे कुलूप नाही अशी पुस्तके जास्त असावीत. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी मोकळे होते. साने गुरुजी 1950 साली गेले. 'श्यामची आई' आज कोणीही कोणालाही निःशंक द्यावी.

दुसरा दत्तापहार याहून सूक्ष्म आहे, आणि तो कंपनी करीत नाही, आपण करतो. यंत्राची नोंदणी मावशीच्या नावाने केली तर मुलाने काय घेतले, कुठवर वाचले, हे मावशीला घरबसल्या दिसू शकते. प्रेमापोटीच हो! पण मग ती भेट राहिली कुठे? ती राखण झाली. फोनवर प्रत्येक वेळी "आम्ही घातलेलं वाचलंस का?" असे विचारणे हीही परतफेडीची अपेक्षाच. सैनिकाला दिवसभर कोणाचा तरी हुकूम असतो, रात्री घरचा फोन आला की घरची काळजी असते. ज्या घटकाभरात त्याला कोणी काही विचारत नाही, ती घटका त्याला द्यायची आहे.

यावर वडीलधारी मंडळी म्हणतील, "बुवा, पोरगं मरणाच्या दारात चाललंय. त्याच्या हाती ज्ञानेश्वरी द्यायची की चोर-पोलिसांच्या गोष्टी?" प्रश्न रास्त आहे. परंतु गीता सांगितली कोणाला? शस्त्र घेऊन उभ्या असलेल्या योद्ध्याला, दोन सैन्यांच्या मध्ये. आणि सगळे सांगून झाल्यावर, अठराव्या अध्यायात, भगवंत त्याला म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसे कर. सांगणारा साक्षात भगवान असून त्याने शेवटचा निर्णय अर्जुनाच्या हाती ठेवला. तिथे आपण मामा-मावशी कोण लागून गेलो? लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते तेव्हा कोणते ग्रंथ हवेत हे ते पत्रातून कळवीत आणि घरचे पुण्याहून धाडीत. यादी त्यांची, धाडणी घरच्यांची. ज्ञानेश्वरी जरूर भरावी, पण त्याला विचारून, आणि त्याच्या यादीच्या शेजारी. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर, 1943 पासून 1947 पर्यंत, अमेरिकेत आपल्या सैनिकांसाठी खिशात मावतील अशी 12 कोटींहून अधिक पुस्तके छापली गेली. त्यांत थोरांचे ग्रंथ होते, तशा गुराख्यांच्या झुंजीच्या आणि विनोदाच्या गोष्टीही होत्या. तीच पुस्तके या हातातून त्या हातात गेली.

हातोहात जाण्याची ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. यंत्र एकट्याचे असते. थंडीत ते रुसले तर सगळी पुस्तके एकदम मुकी होतात. म्हणून त्या बाईंना मी म्हटले, यंत्राबरोबर एक छापील पुस्तकही द्या, लहानसे, सोबत्यांना देता येईल असे. ते हरवले तरी रडू नका.

आणि स्टेशनवर गाडी सुटताना हातात डबा कोंबू नका. आठ दिवस आधी द्या. जुन्या छापील पुस्तकांची छायाचित्रे त्या लहान पडद्यावर फार बारीक दिसतात, कुठे जोडाक्षरे फुटतात. ते सारे त्याला घरी असतानाच पाहू द्या. नोंदणी त्याच्या नावाने, त्याच्या हाताने. पडद्याची काच नाजूक असते, तेव्हा चार पैसे जास्त घालून जाड पाकीट घ्या. भरायचे ते त्याला भरू द्या. तुम्ही शेजारी बसून चहा घ्या.