वहीतील तारीख



आम्ही पूर्वी गिरगावच्या बाजूला सेवेत होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. त्या कुटुंबाने आनंदाने परवानगी दिली म्हणून लिहीत आहोत. तरीही ओळखीच्या खुणा गाळल्या आहेत, कोणी तर्क लढवू नये.

एक गृहस्थ कचेरीत आले. त्यांचे आजोबा गोव्याचे, मुंबईत कुडात राहून बोटीवर नोकरी करणारे. पोर्तुगीज पासपोर्टसाठी नातू कागदपत्रे जमवत होता. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना तो मिळू शकतो, त्यामुळे मुंबईतल्या कितीतरी घरांत अशा फाइली तयार होत असतात. आजी-आजोबांच्या लग्नाचा दाखला हवा होता. आम्ही जुनी वही काढली. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण नोंद शाबूत होती. लग्न १९३९ चे.

ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. त्यांच्या वडिलांचा जन्म त्या तारखेच्या सात महिने आधीचा होता.

"फादर, ही लिहिणाऱ्याची चूक असणार. एक वर्ष मागे घ्या ना. पप्पा ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना हा कागद कसा दाखवू? आणि कुणाचं नुकसान होणार आहे? सगळे कधीच गेले."

खरे सांगायचे तर त्या क्षणी आमच्याकडे उत्तर नव्हते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. संत ऑगस्टीनने खोटेपणावर दोन ग्रंथ लिहिले आणि चांगल्या हेतूनेही खोटे बोलू नये असे ठामपणे सांगितले, हे परीक्षेत आम्ही पानेच्या पाने लिहिले होते. संत थॉमस अक्वायनस तेच म्हणतात, मात्र सत्य शहाणपणाने झाकून ठेवण्याची मुभा देतात. परंतु समोर एक मुलगा आपल्या म्हाताऱ्या बापासाठी हात जोडून बसलेला असतो, तेव्हा पुस्तकातले वाक्य तोंडातून सहज निघत नाही. शिवाय वहीत खऱ्याखुऱ्या चुका असतातच. आडनाव चुकते, 'मारिया'ची 'मेरी' होते. पुरावा असेल तर त्या आपण रीतसर दुरुस्त करतो. मग येथे काय अडले?

ही वही का आली ते आधी पाहू. विवाह होतो तो वर आणि वधू यांच्या संमतीने, वहीने नव्हे. ख्रिस्तसभेची शिकवण तीच आहे. पण पूर्वी दोघांनी एकांतात शब्द दिला तरी लग्न खरे ठरत असे, आणि पुढे पुरुषाने "मी असे बोललोच नाही" म्हटले तर ती बाई कोणाकडे जाणार? म्हणून १५६३ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ठरवले की विवाह धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर व्हावा आणि धर्मगुरूने त्याची वही ठेवावी. इंग्लंडमध्ये राजाच्या हुकमाने १५३८ पासूनच खेडोपाडीच्या चर्चमध्ये लग्नांच्या नोंदी होऊ लागल्या होत्या. १७५४ पासून तेथे वधूवर व साक्षीदार यांनी सही करणे सक्तीचे झाले. ज्यांना लिहिता येत नसे ते शेतमजूर फुली मारत. आपल्याकडेही १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार नोंदी सरकारकडे जातात.

म्हणजे ज्याचा शब्द कोणी सहज नाकारील, अशा दुबळ्या माणसासाठी ही वही आहे. आज दयेपोटी एक तारीख सरकवली, तर उद्या टाकून दिलेली एखादी सून हाच कागद घेऊन कोर्टात उभी राहील तेव्हा त्याला किंमत काय राहील? आणि त्या ओळीखाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. तारीख बदलली की ते खोटे साक्षीदार ठरतात. त्यांना विचारायला आपण कुठे जाणार?

वहीत सगळे सत्य असते असे मात्र आम्ही म्हणत नाही. इंग्लंड-वेल्सच्या विवाह नोंदींत वधूवरांच्या आईचे नाव येऊ लागले ते २०२१ साली, तोवर फक्त बापाचे. आमच्या त्या वहीत आजोबांच्या नावापुढे 'खलाशी' एवढेच होते. बोट परत यायला उशीर झाला का, घरच्यांचा विरोध होता का, काही नाही. नातवाला बरे वाटावे म्हणून एखादे कारण रचून सांगण्याचा मोह आम्हाला झाला. तोही आवरला.

आम्ही त्यांना एवढेच म्हटले की संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचा. तीही एक नोंदवहीच आहे. मिस्सेत ती वाचताना आपण कंटाळतो. तामार, राहाब, रूथ, उरियाची पत्नी. कुठल्याही घराण्याने गाळली असती अशी नावे तेथे प्रभूच्या वंशावळीत उघड लिहिलेली आहेत. ख्रिस्तसभेचा कायदाही सांगतो की आईवडिलांच्या नंतरच्या विवाहाने आधी जन्मलेले मूल औरस ठरते. ती तारीख पुसली तर त्या दोघांनी बाळ कडेवर घेऊन, लोकांच्या नजरा सोसून वेदीसमोर येऊन जे केले तेच पुसले जाते.

ते पटल्यासारखे दिसले नाहीत. दाखला जसाच्या तसा घेतला आणि चहा न घेता निघून गेले. आम्ही कठोर वागलो का, हा प्रश्न कित्येक दिवस प्रार्थनेच्या वेळी मनात येत राहिला.

दोन महिन्यांनी ते पुन्हा आले. वडिलांना दाखला दाखवला होता. म्हाताऱ्याने चष्मा लावून तो दोनदा वाचला. तारखेबद्दल चकार शब्द काढला नाही. साक्षीदारांच्या नावांवर बोट ठेवून म्हणाले, "हा दुसरा, हा माझा धर्मपिता. दर नाताळला मला नवीन शर्ट शिवून द्यायचा."