पायाखालची वाळू

पुणे

चि. बाबू,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की पायांना मुंग्या येतात. चप्पल पायातून कधी निसटली ते कळलंच नाही, मागून येणाऱ्या माणसाने हाक मारून सांगितलं, असंही म्हणालास आणि हसलास. मला हसू आलं नाही. फोनवर तू "बघतो काका" म्हणून विषय बदलतोस, म्हणून लिहितो आहे. हे पत्र शेवटपर्यंत वाच.

मी तुझ्यासारखाच ओमानमध्ये, रुवीत नोकरीला होतो तेव्हा माझी सुरुवात अशीच झाली. शुक्रवारी संध्याकाळी कुरुमच्या किनाऱ्यावर फिरायला जायचो. वाटायचं, आज वाळू फारच मऊ लागते आहे. मग एक दिवस दारसैतच्या घरात, कोरड्या फरशीवर, तीच मऊ वाळू पायांखाली लागली. कापसावरून चालल्यासारखं. मी ते एसीच्या गारठ्यावर ढकललं, वयावर ढकललं. एका दवाखान्यात दाखवलं, तर मधुमेहाने नसा कमजोर झाल्यात म्हणून गोळी मिळाली. हिमोग्लोबिन १४ होतं, त्याबद्दल शाबासकीही मिळाली. त्या शाबासकीवर मी आठ महिने काढले. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत वीज सरकायची, तरी गप्प बसलो. शेवटी एका सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि सरळ पुढे कोसळलो.

पुण्याला आलो तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांनी माझ्या घोट्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क टेकवला आणि विचारलं, थरथर जाणवते का? मला लोखंडाचा गारवा जाणवला, थरथर अजिबात नाही. रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व शंभराच्याही खाली निघालं.

आत काय बिघडतं ते नीट समजून घे. मज्जारज्जूच्या मागच्या भागातले तंतू पाय कुठे आहे, जमिनीवर कसा टेकला आहे, ही खबर मेंदूला देतात. बाजूचे तंतू मेंदूचा हुकूम पायांपर्यंत नेतात. या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं आणि ते शाबूत राहायला बी-१२ लागतं. ते संपलं की आधी आवरण बिघडतं, मग आतला तंतू. उजेडात डोळे पायांची उणीव भरून काढतात, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. अंधारात किंवा डोळे मिटल्यावर खरं काय ते कळतं. पुढे पाय ताठ होतात. १९०० साली लंडनच्या तीन डॉक्टरांनी या आजाराला 'सबअ‍ॅक्यूट कम्बाइन्ड डीजनरेशन' असं नाव दिलं. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. बी-१२ हाती लागलं ते १९४८ मध्ये. आज मात्र तेच औषध एका छोट्या लालसर इंजेक्शनात मिळतं. म्हणूनच यात कुणाचे पाय गेले की माझा जीव तुटतो.

आता ओमानची गोष्ट. तिथल्या गव्हाच्या पिठात १९९६ पासून लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड मिसळणं सक्तीचं आहे. काम चांगलंच झालं. पाठीच्या कण्यात व्यंग घेऊन जन्मणारी बाळं तिथे खूप कमी झाली. या फॉलिक अ‍ॅसिडचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर भारतात आली. मुंबईतल्या गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या पंडुरोगाचा तिने शोध घेतला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये जगापुढे मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. पण बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फॉलिक अ‍ॅसिड मिळालं तर रक्त सुधारू शकतं आणि मज्जारज्जू मात्र झिजत राहतो. १९४० च्या दशकात डॉक्टरांनी हे रुग्णांमध्ये पाहिलं. पिठाचा यात काही दोष नाही, तिथली खुबूज रोटी खुशाल खा. पण "माझं हिमोग्लोबिन चांगलं आहे" हे वाक्य माझ्यासमोर बोलू नकोस.

आणि आपण कुठल्या घरातले? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने इथल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. ते निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. १०० पैकी ६७ जणांचं बी-१२ कमी होतं आणि शहरी मध्यमवर्गात ८१ जणांचं. म्हणजे तुझं-माझं घर. दूध पितो म्हणशील, तर दोन कप करक चहातलं दूध हा काही पुरवठा नव्हे. त्यात तू मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतोस, पित्तासाठी रोज पँटोप्राझोल घेतोस. दोन्हींमुळे बी-१२ कमी शोषलं जातं. यकृतात साठा काही वर्षांचा असतो, त्यामुळे आज तो संपतो आहे हे कळतही नाही.

तुझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, ती काढ असं मी कधीच म्हणणार नाही. मत्रहच्या बाजारातली सुरमई ज्याला चालते त्याने खावी. औषधातलं बी-१२ कारखान्यात जंतूंकडून तयार करून घेतात, त्यात मासमच्छी नसते. कॅप्सूलचं आवरण कशाचं आहे अशी शंका असेल तर साधी गोळी माग. पण तुझ्या पायांना लक्षणं सुरू झाली आहेत, तेव्हा स्वतःच्या मनाने गोळ्यांवर भागवू नकोस. अशा वेळी सुरुवातीला लागोपाठ इंजेक्शनं घ्यावी लागतात, नंतर अंतर वाढवतात; ते डॉक्टर ठरवतील. त्यांना मुंग्यांचं सांग, चप्पल निसटल्याचं सांग, दोन्ही गोळ्यांची नावं सांग. घोट्यावर ट्यूनिंग फोर्क लावून बघा म्हण, लाज वाटू देऊ नकोस. रक्तातल्या बी-१२चा आकडा २०० ते ३०० च्या मध्ये आला तर होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडही करून घे. दाताचं किंवा कसलं ऑपरेशन ठरलं तर आधी हे सांग. भुलीसाठी देतात तो नायट्रस ऑक्साइड वायू उरलंसुरलं बी-१२ निकामी करतो. सूनबाईंचंही रक्त तपासून घे. बाळ अंगावर पितं आहे, आईत नसेल तर त्याला कुठून मिळणार?

मी इंजेक्शनं सुरू केल्यावर सहा महिन्यांत पुष्कळ सुधारलो. विजेचे झटके गेले, जिना चढता येऊ लागला. पण वर्षभरात जे परत आलं नाही, ते आलंच नाही. आजही रात्री उठलो की आधी दिवा लावतो आणि भिंतीला हात लावून चालतो. त्या आठ महिन्यांची किंमत मी रोज रात्री मोजतो आहे. तुझी तर अजून नुसती सुरुवात आहे.

रविवारी कामावर जाण्याआधी रक्त दे. रिपोर्ट आला की मला फोन कर आणि "नॉर्मल आहे" एवढंच सांगू नकोस, आकडा सांग.

तुझा,
काका