चार आण्यांचे तिकीट

तालुक्याच्या कचेरीत उमेदवारी संपवून मी नुकताच कायम कारकून झालो होतो, त्या काळातली ही गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडी, दप्तरे बांधण्याच्या वेळेस, एक विधवा बाई चार कोस चालून हरकतीचा अर्ज घेऊन आल्या. नवऱ्याच्या पश्चात जमिनीला दिराचे नाव लागत होते आणि हरकतीची मुदत त्याच दिवशी संपत होती. अर्जावर कोर्ट फीचे तिकीट चार आण्यांनी कमी होते आणि स्टँपवाला घरी गेला होता. अर्ज दाखल करून घेऊन ‘तिकीट कमी, भरून घ्यावे’ असा शेरा मारण्याची मुभा मला होती. पण मी नियमावर बोट ठेवले आणि ‘उद्या या’ म्हणालो. बाई पुन्हा आल्या नाहीत.

कित्येक वर्षे मी याला चूक म्हणतच नव्हतो, कारण नियम मोडणे म्हणजे चूक अशी माझी व्याख्या होती आणि नियम तर मी अक्षरशः पाळला होता. पुढे निवांतपणी स्मृतिग्रंथ चाळू लागलो तेव्हा याज्ञवल्क्याने आचार आणि व्यवहार यांच्या पाठोपाठ प्रायश्चित्ताला स्वतंत्र अध्याय दिलेला पाहून माझ्यातला कारकून सुखावला. शुक्ल पक्षात रोज एकेक घास वाढवीत पौर्णिमेस पंधरा घासांवर जावे, कृष्ण पक्षात तसेच उतरत अमावास्येस निराहार राहावे, हे चांद्रायण म्हणजे पापाची बिनचूक तेरीजच होती. मात्र मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीचे उपाय सांगताना कबुली, तप आणि अध्ययन यांच्या पंक्तीस अनुतापही बसविलेला आहे. अनुताप घासांनी मोजता येत नाही. तो त्या पंक्तीत का बसविला असावा, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

तो पाडला पंचहौद मिशनच्या चहाने. १८९० साली पुण्यात मिशनऱ्यांनी दिलेल्या चहापानास रानडे, टिळक, गोखले आदी मंडळी गेली, कोणी प्याला तोंडाला लावला तर कोणी नुसताच हाती धरला, आणि गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे केले. शंकराचार्यांच्या वतीने रीतसर चौकशी बसली. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे पुढे मांडले. आणि ज्यांना आपल्या हातून काही पाप घडले असे मुळीच वाटत नव्हते त्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये मित्रांची अडचण सुटावी म्हणून प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंच्या आठवणींत हे प्रकरण वाचताना मी थबकलो. येथे प्रायश्चित्त पुरेपूर होते आणि अनुताप लवमात्र नव्हता. माझ्यापाशी मात्र अनुताप होता आणि त्याला लागू पडेल असे प्रायश्चित्त कोणत्याही अध्यायात नव्हते, कारण माझ्या कृत्याला कोणत्याही शास्त्राने पातक ठरविलेले नव्हते. (रानड्यांना त्या काळी ज्यांनी भित्रे म्हटले, त्यांच्या पंक्तीस मी बसणार नाही, मित्रांसाठी मान खाली घालणे हे भ्याडाचे काम नव्हे.)

तेव्हापासून मी अनुतापालाच थोर मानू लागलो, आणि त्याचे सर्वांत भव्य उदाहरण म्हणून अशोकाचा तेरावा शिलालेख लोकांस सांगू लागलो. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी कलिंग जिंकताना १ लाख ५० हजार माणसे देशोधडीस लागली, १ लाख तेथेच मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट पुढे मेली, हे जिंकणाऱ्यानेच दगडावर कोरून ठेवावे आणि त्याची खंत बोलून दाखवावी, ही घटना जगाच्या इतिहासात विरळा आहे यात शंका नाही. त्याच लेखात अटवीतल्या लोकांना, राजा खंत करीत असला तरी त्याचे सामर्थ्य कायम आहे अशी तंबी दिलेली आहे, हे मी सांगताना सोयीस्करपणे गाळीत असे. पण एक गोष्ट कळली तेव्हा मात्र गाळता येईना. हा लेख गांधारात शाहबाजगढीस आहे, हिमालयाच्या पायथ्याशी कालसीस आहे. आणि खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, इतर लेख कोरलेले असून अकरावा, बारावा आणि हा तेरावा असे तीन लेख वगळलेले आहेत. तेथे त्यांच्या जागी प्रजा ही आपली अपत्ये आहेत असे सांगणारे आणि अधिकाऱ्यांना न्यायाने वागण्याची ताकीद देणारे वेगळे लेख आहेत. राज्यकर्ता म्हणून हा निर्णय शहाणपणाचाच असेल. जखमेवर आकडे कोरू नयेत, हेही मला समजते. तरीसुद्धा ज्यांची माणसे मेली त्यांना राजाची खंत त्यांच्या भूमीत वाचावयास मिळाली नाही आणि हजार कोसांवरच्या परक्यांना ती मिळाली, हा विपर्यास माझ्या मनातून जात नाही.

जात नाही, कारण तो माझ्या ओळखीचा आहे. चार आण्यांची ही हकीकत मी मित्रमंडळींत अनेकदा सांगितली आहे, दरवेळी ऐकणाऱ्यांनी माझ्या संवेदनशीलतेचे कौतुक केले आहे, आणि दरवेळी मला थोडे हलके वाटले आहे. त्या बाईंचे गाव कचेरीपासून चार कोसांवर होते. बदली होईपर्यंत पुढची तीन वर्षे मी त्याच टेबलाशी बसलो होतो आणि दर आठवड्यास त्या गावाचा तलाठी माझ्यापुढे कागद घेऊन येत असे. मी त्याला एकदाही काही विचारले नाही. आज हा लेख लिहितो आहे तोही कलिंगाबाहेरच.

गेल्या वर्षी काही निमित्ताने त्या तालुक्यास जाणे झाले, तेव्हा हक्कनोंदीचा उतारा काढून पाहिला. जमिनीला दिराच्या मुलांची नावे आहेत. बाईंचे नाव कोठेही नाही.