शेजारी उभा राहणारा नट

बाळ कर्वे २८ ऑगस्ट २०२५ रोजी गेले. दिवस ऋषिपंचमीचा होता. दीड दिवसाच्या गणपतींची विसर्जनं चालू होती आणि ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या शहापूर-मुरबाडच्या गावोगावी त्या दिवशी बातम्या पाहायला कुणाला सवड नव्हती. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी वयाची ९५ वर्षं पूर्ण केली होती. त्यानंतरच्या दिवसांत त्यांच्यावर जे लिहिलं गेलं, त्यात ‘चिमणराव’ मालिकेतल्या त्यांच्या गुंड्याभाऊचा उल्लेख नाही असं एकही टिपण माझ्या वाचनात आलं नाही. जुन्या दूरदर्शनची आठवण, पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाची आठवण, निर्मळ विनोदाची आठवण, सगळं त्यात होतं. पण हा गुंड्याभाऊ ज्यांच्यासाठी घडवलेला नव्हता अशा लोकांनीही त्याला आपला मानलं होतं. त्याचं कारण आमच्यासारख्या तालुक्यांतून पाहिलं तरच नीट दिसतं, म्हणून हा लेख.

चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी चिं. वि. जोशींची. चिं. वि. हे पाली भाषेचे विद्वान, बडोद्याला शिकवणारे. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ ही त्यांची पुस्तकं १९३०च्या दशकातली. कारकुनी पगार, लग्नाच्या खटपटी, बायको, मुलं, नातलग, उसनवारी आणि अब्रू सांभाळण्याची धडपड असं ते पांढरपेशा पुण्याचं जग आहे. १९४०च्या ‘लग्न पहावं करून’मध्ये मास्टर विनायकांनी दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्याकडून ही जोडी पडद्यावर आणली होती. मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर याकूब सईद आणि विजया जोगळेकर यांनी ‘चिमणराव’ ही मालिका केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, स्मिता पावसकर त्यांची बायको काऊ आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र आमच्यापर्यंत पोचायचं ते मुंग्यांनी भरलेलं. शहापूर बाजारपेठेत आणि मुरबाड गावात मोजक्या घरी संच होते. उंच बांबूवर अँटेना बांधलेली असायची, वारा आला की कुणीतरी कौलावर चढायचं आणि खालून बाकीचे ओरडून सांगायचे, आलं, आलं, गेलं. डोळखांब, किन्हवली, टोकावडे या बाजूच्या कितीतरी पाड्यांवर तर तेव्हा वीजच नव्हती. शहापूर तालुक्यातलं तानसाचं पाणी १८९२पासून मुंबईला जात होतं. मुंबईकडून आमच्याकडे येणाऱ्या गोष्टी मोजक्या, त्यांतली एक ही संध्याकाळची काळीपांढरी करमणूक. ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या ओटीवर आळीतली पोरंबाळं, शेतावरून परतलेली माणसं, डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहिलेल्या बाया, असा सगळा मेळा जमे.

या प्रेक्षकांनी चिं. वि. वाचलेले नव्हते. चिमणरावांच्या घरातल्या अडचणी त्यांच्या नव्हत्या आणि भाषा तर नव्हतीच. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांच्या या मुलखात पुणेरी कारकुनाच्या वाक्यावाक्यातला श्लेष उतरणं कठीण होतं. चिमणरावांचं हसू ओटीवर उशिरा यायचं. गुंड्याभाऊ चौकटीत नुसता आला तरी हसू आधी फुटायचं. आमच्या आळीतला एक म्हातारा त्याला पाहिलं की म्हणायचा, “ह्यो तं आपला मामाच हाय!”

या मामाची ओळख सांगितली पाहिजे. आमच्याकडे माणूस महत्त्वाच्या कामाला एकटा जात नाही. तहसील कचेरीत सातबाऱ्यासाठी, कल्याणला कोर्टात, ठाण्याला सिव्हिल हॉस्पिटलात, मुलगी बघायला, बैल विकायला, कुठेही जाताना बरोबर एक जण घ्यायचा. बोलायचं काम दुसऱ्याचं. या माणसाने शेजारी उभं राहायचं, पिशवी धरायची, रात्री वऱ्हांड्यात आडवं व्हायचं, आणि प्रसंग आलाच तर आवाज चढवायचा. तो बहुधा आईकडचा नातलग, बहुधा बिनलग्नाचा, अंगाने दणकट, शिक्षणाने बेताचा. त्याच्या सल्ल्याने काम बिघडलं तरी त्याला कुणी सोडत नाही, कारण पुढच्या खेपेला तोच लागणार असतो. मुरबाडला आजही रेल्वे नाही. कल्याणला जायचं तर रस्त्यानेच, म्हणून तिकडे सोबतीची ही गरज आणखी जास्त. गुंड्याभाऊ हा असाच माणूस आहे. चिं. विं.नी तो पुण्यात बसवला असला तरी त्याचं मूळ नातं शहराशी नाही, सोबतीशी आहे. कर्व्यांनी नेमकं तेवढंच उचललं, आणि म्हणून तो घाटाखालच्या माणसाला ओळखता आला.

आमच्या लोकांना हसणं नवीन नव्हतं. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या यात्रेत तमाशाचे फड येत आले आहेत, सोंगाड्या त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा. जव्हार-मोखाड्याकडून शहापूरपर्यंतच्या पट्ट्यात बोहाड्यातली सोंगं नाचतात, त्यांतही हसवणारी पात्रं असतात. पण सोंगाड्या बोलून हसवतो. तो हजरजबाबी, चावट, सगळ्यांच्या पुढे. सोंग मुखवट्याने आणि नाचाने हसवतं. कर्व्यांचा गुंड्याभाऊ यांपैकी काहीच करत नव्हता. तो कोटी करायचा नाही, डोळे फिरवायचा नाही, प्रेक्षकाकडे तर चुकूनही पाहायचा नाही. आपण विनोदी आहोत याची त्याला खबरच नव्हती. चिमणरावांवर आलेलं संकट त्याला खरंच संकट वाटायचं आणि त्यावरचा आपला आडदांड उपाय खरंच उपाय वाटायचा. त्या प्रामाणिकपणावर लोक हसायचे.

हे सोपं नव्हतं, आणि त्यातली अडचण पुस्तकात डोकावल्यावर कळते. गोष्टी सांगतात स्वतः चिमणराव. गुंड्याभाऊ वाचकाला भेटतो तो त्यांच्या वर्णनातून, त्यांच्या कौतुकातून आणि त्यांच्या वैतागातून. पानावर गुंड्याभाऊला फारसं काही करावं लागत नाही, निवेदक त्याची बाजू सांभाळून घेतो. पडद्यावर निवेदक उरत नाही. मग चिमणरावांच्या वाक्यांत असलेला गुंड्याभाऊ नटाला स्वतःच्या अंगात आणावा लागतो. कर्व्यांनी तो आणला उभं राहण्याच्या ढबीत, मानेच्या ताठपणात, ऐकताना थांबलेल्या चेहऱ्यात. चिं. विं.च्या गोष्टींतला विनोद भाषेचा आहे, आणि भाषेचा विनोद दुसऱ्या बोलीच्या माणसापर्यंत पोचता पोचता निम्मा होतो. तो निम्मा भाग कर्व्यांनी देहाने भरून काढला. माझ्या मते त्यांच्या कामाचं सगळ्यात मोठं मोल हेच, आणि मृत्युलेखांतल्या ‘निर्मळ विनोद’ या शब्दांत ते मावत नाही.

दूरदर्शनच्या तेव्हाच्या पद्धतीनेही या नटाची परीक्षा पाहिली. स्टुडिओ लहान, कॅमेरे थोडे, नेपथ्य बेताचं. दोन पात्रं एका चौकटीत बराच वेळ एकत्र दिसायची. आज एक बोलतो तेव्हा दुसरा बहुधा चौकटीबाहेर असतो आणि त्याच्या चेहऱ्याचा तुकडा संकलनात जोडला जातो. त्या वेळी न बोलणारा नटही सतत समोर होता. प्रभावळकर बोलत असताना कर्वे काय करतात ते पाहावं. ते काही ‘करत’ नाहीत, ते ऐकतात. अर्धवट समजलेलं वाक्य त्यांच्या चेहऱ्यावर पूर्ण समजल्यासारखं उमटतं, आणि पुढे काय घोटाळा होणार हे प्रेक्षकाला तिथेच कळतं. चिमणरावांचं वाक्य हशा घेतं ते निम्मं या ऐकण्यामुळे.

आणि इथे वयाचा हिशेब लक्षात घ्यायला हवा. कर्व्यांचा जन्म १९३०चा, प्रभावळकरांचा १९४४चा. मालिका चालू होती तेव्हा कर्वे पन्नाशीकडे झुकलेले होते, रंगभूमीवर मुरलेले होते. चौदा वर्षांनी लहान असलेल्या नटाच्या शेजारी उभं राहून, पुढची जागा त्याला देऊन, आपण मागची जागा घट्ट धरायची यासाठी नुसतं कौशल्य पुरत नाही, मनही तसं लागतं. दुसऱ्याच्या वाक्याआधी हालचाल करून लक्ष ओढून घेणं रंगमंचावर फार सोपं असतं. त्यांनी तसं केल्याचं मला कुठेच दिसलं नाही.

पुण्यात अभियांत्रिकी शिकून मुंबईत आलेल्या या माणसाने मुंबई महानगरपालिकेत ३२ वर्षं नोकरी केली. नाटक नोकरी सांभाळून. पार्ल्यात सुमंत वरणगावकरांबरोबर ‘किलबिल बालरंगमंच’ उभा करून मुलांची नाटकं केली. ‘रथचक्र’, ‘सूर्याची पिल्ले’, ‘कुसुम मनोहर लेले’ यांसारख्या नाटकांत ते होते, ‘स्वामी’पासून ‘उंच माझा झोका’पर्यंतच्या मालिकांत होते. यांतली कामं गुंड्याभाऊहून अगदी निराळी होती. तरी रस्त्यात माणसं त्यांना गुंड्याभाऊच म्हणत राहिली. पात्राने नटाला गिळलं, हा अन्याय झाला असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्या पात्राचं नाव मालिकेच्या शीर्षकातही नव्हतं, त्या पात्राच्या नावाने नट ओळखला जावा हे दुर्मीळ आहे. मालिकेचं नाव होतं ‘चिमणराव’. लोकांनी आपल्या तोंडी ते ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ करून टाकलं. जे शीर्षकात नव्हतं ते प्रेक्षकांनी दिलं.

आणखी एक गोष्ट, जी मला अलीकडे जास्त टोचते. ‘चिमणराव’मध्ये हसणं होतं ते कुणावर? पुणेरी मध्यमवर्गीय माणूस तिथे स्वतःच्या भित्रेपणाला, बडेजावाला, काटकसरीला हसत होता. गुंड्याभाऊ अडाणी, पण त्याला हिणवलेलं नव्हतं. घरात त्याची जागा पक्की होती, काऊच्या चुलीवरची त्याची भाकरी कुणी मोजत नव्हतं. म्हणून ओटीवर बसलेल्या आमच्या माणसांना त्या हसण्यात अवघडल्यासारखं वाटलं नाही. आज वाहिन्यांवर विनोदाचे कार्यक्रम भरपूर आहेत आणि गावाकडून आलेले, फार गुणी नट-नट्या त्यांत आहेत याचा मला आनंद आहे. पण खेड्यातलं पात्र आलं की ते बावळट, त्याचे उच्चार हीच गंमत, आणि परीक्षकांच्या खुर्च्यांतून खदखदा हसू, ही रीतही रुळली आहे. आमच्या शाळांतली पोरं वर्गात बोलताना आपले हेल लपवतात, ते काही प्रमाणात याच हसण्याला भिऊन. गुंड्याभाऊच्या काळात पडद्यावर आमची बोली नव्हती, हे खरं. पण आमचा माणूस होता, आणि तो मानाने होता. बोली आली आणि मान गेला, हा सौदा मला मान्य नाही. बोलीही यावी आणि मानही राहावा, यासाठी आजच्या लेखकांनी आणि नटांनी कर्व्यांचं काम पुन्हा पाहायला हवं.

पण पाहायचं कसं? त्या काळी चित्रफिती महाग होत्या, आणि एका कार्यक्रमाच्या फितीवर दुसरा कार्यक्रम चढवणं ही रीतच होती. ‘चिमणराव’चे फार थोडे भाग आज पाहायला मिळतात. पुस्तकातला चिमणराव अबाधित आहे, तो कुणालाही केव्हाही वाचता येईल. गुंड्याभाऊचं तसं नाही. मी वर लिहिलं ते उभं राहणं, ते ऐकणं, ते कागदावर नाही. ते फक्त फितीवर होतं आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत होतं. पाहणारे आता साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत. नाटक प्रयोगाबरोबर संपतं हे रंगभूमीने पहिल्यापासून मानलेलं आहे. दूरचित्रवाणीचं काम मात्र मुद्रित झालं होतं, ते टिकू शकलं असतं. ते आपल्या हलगर्जीने गेलं असेल, तर त्याला काळाचा महिमा म्हणून सोडून देता येणार नाही.

म्हणून दोन मागण्या करतो. पहिली दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीकडे. ‘चिमणराव’चे किती भाग शिल्लक आहेत त्याची यादी जाहीर करावी, आणि जे आहेत ते स्वच्छ करून सर्वांसाठी खुले करावेत. एखादाच तुकडा सणासुदीला दाखवून भागणार नाही. दुसरी मागणी आमच्याच तालुक्यांतल्या वाचनालयांकडे आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांकडे. जे भाग मिळतील ते शहापुरात आणि मुरबाडात एका पडद्यावर लावा, आश्रमशाळांतल्या मुलांना बोलवा, त्यांच्याबरोबर त्यांच्या आजोबांनाही बोलवा, आणि ती माणसं काय सांगतात ते ध्वनिमुद्रित करून ठेवा. बाळ कर्वे गेले. दिलीप प्रभावळकर आपल्यात आहेत. प्रसंगामागून प्रसंग घेऊन, त्या कामाची बारकाईने नोंद त्यांच्याकडून करून घ्यायची असेल तर ती आताच करा.