देणाऱ्याच्या हातची माळ

जयपूरहून टोंककडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकसू लागतं. या गावाजवळच पदमपुरा हे दिगंबर जैनांचं क्षेत्र आहे. सहावे तीर्थंकर पद्मप्रभू यांची मूर्ती तिथं १९४४ मध्ये जमिनीखाली सापडली आणि तेव्हापासून यात्रेकरूंची रीघ लागली. तिथं येणाऱ्या यात्रेकरूंच्या हाती असते त्या जैन जपमाळेत १०८ मणी असतात, तसे ते हिंदूंच्या आणि बौद्धांच्या माळेतही असतात. पण १०८ हाच आकडा का, याचा दिगंबर परंपरेत सांगितला जाणारा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात तो आहे. माणूस एखादी गोष्ट आधी मनात ठरवतो, मग तिची जुळवाजुळव करतो, मग ती करू लागतो: या झाल्या तीन पायऱ्या. प्रत्येक पायरी मनानं, वाणीनं किंवा शरीरानं घडते. ती आपण स्वतः करतो, दुसऱ्याकडून करवून घेतो किंवा दुसऱ्यानं केलेली मान्य करतो. आणि या साऱ्यामागे क्रोध, मान (गर्व), माया (कपट), लोभ यांपैकी काहीतरी असतं. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार म्हणजे १०८. कर्म जीवात शिरण्याच्या एवढ्या वाटा, आणि एकेका वाटेसाठी माळेचा एकेक मणी.

आपल्या हातानं माळ करून ती कुणाला भेट द्यावी का, दिली तर तिच्यात नेमकं काय दिलं जातं, या प्रश्नाला हा हिशेब थेट भिडतो. आईवडिलांच्या पंच्याहत्तरीला, कुणी मोठ्या दुखण्यातून उठल्यावर किंवा परदेशी निघालेल्या मुलीच्या हातात ठेवायला स्वतः ओवलेली माळ द्यावी, असं अनेकांना मनापासून वाटतं. त्यामागची समजूत बहुधा अशी असते, की हातानं केलेल्या वस्तूत करणाऱ्याची भक्ती उतरते आणि ती घेणाऱ्याला मिळते. ही समजूत मला टिकणारी वाटत नाही. भक्ती लाकडात मुरत नाही. तसं असतं तर तुटलेल्या माळेचे मणी वेचून दुसऱ्याच्या दोऱ्यात ओवले की भक्तीचीही वाटणी झाली असती. माझं म्हणणं असं, की हातानं केलेल्या माळेचा अर्थ ती करताना देणाऱ्यानं स्वतःला कशाकशाला बांधून घेतलं यात आहे. घेणाऱ्याच्या हाती येते ती त्या बांधिलकीची खूण, आणि भेट म्हणून तेवढं पुष्कळ आहे.

माळ प्रत्यक्ष कशी होते ते पाहिलं म्हणजे हे अधिक स्पष्ट होतं. वारकऱ्यांची माळ तुळशीची. तुळशीचं झाड वाळलं की त्याचं बुडाकडचं कठीण खोड तेवढं कामाचं. तेही फार जाड नसतं, म्हणून तुळशीचे मणी लहानच निघतात. साल खरवडायची, तुकडे पाडायचे, प्रत्येकाला मधोमध भोक पाडायचं, मग घासून गोल करायचं. भोक जरा तिरकं गेलं की मणी उभा चिरतो आणि पहिल्यापासून दुसरा घ्यावा लागतो. दोन मण्यांच्या मध्ये गाठ मारतात ती मण्याला अगदी चिकटून बसावी लागते. त्यासाठी सैल गाठीत सुई घालून ती गाठ मण्यापर्यंत सरकवत न्यायची, सुई अलगद काढायची आणि मगच दोरा ओढायचा. घाई केली तर गाठ अर्ध्या वाटेत आवळते; ती सोडवताना दोऱ्याचा पीळ जातो. १०८ मणी झाल्यावर दोन्ही टोकं एकत्र करून मेरुमणी बसवायचा. जप करताना हा मेरू ओलांडत नाहीत, तिथून माळ उलटी फिरवतात. हे सगळं करताना मनात काय चाललं आहे, त्यावर वर सांगितलेले चारही विकार टपलेले असतात. मणी चिरला की क्रोध येतो. तुळशीऐवजी दिसायला तसंच दुसरं लाकूड वापरलं तर ती माया. परतफेडीची आशा धरली तर लोभ. सर्वांत चिवट असतो मान: ‘मी स्वतः केली आहे बरं का’ हे वाक्य ओठांवर आलं, की एवढ्या कष्टांचं मोल देणाऱ्यानं तिथंच वसूल करून घेतलं.

यावर पहिला आक्षेप संतांच्याच नावानं घेतला जाईल. तुकोबांनी आणि कबीरांनी माळ मिरवणाऱ्यांना खडसावलं आहे. संत दादूंच्या पंथाचं मुख्य पीठ जयपूर जिल्ह्यातल्याच नरैना इथं आहे, आणि दादूंनीही भर दिला तो आतल्या स्मरणावर. शिवाय माळ लागतेच असंही नाही. बोटांच्या पेरांवर मोजण्याची करमाळा आपल्याकडे जुनी आहे आणि अनेक मुसलमान तसबीह या आपल्या जपमाळेपेक्षा बोटांवर मोजणंच श्रेष्ठ मानतात. मग बाह्य साधनावर एवढा जीव कशाला टाकायचा? आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख माळ मिरवण्यावर आहे. माळ गळ्यात घालून फिरणं लोकांना दिसतं. ती घडवत बसणं कुणाला दिसत नाही. आणि हे संत होते तरी कोण? कबीर विणकर, दादू परंपरेप्रमाणे पिंजारी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार. हातातलं काम आणि नामस्मरण वेगळं काढता येत नाही, हे त्यांनी जगून दाखवलं. अरणच्या सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला ही श्रद्धा वारकऱ्यांत आजही जिवंत आहे, त्यामागे हीच धारणा आहे. माळ मिरवू नये असं संत सांगतात ते मान्य. पण ती निगुतीनं घडवण्याला त्यांच्याच चरित्रांचा आधार आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. पंढरपुरात तुळशीच्या माळा करण्याचा व्यवसाय काशीकापडी समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या घरातला कारागीर पोटासाठी माळ करतो, तीही कुणा अनोळखी माणसासाठी. मग हौशी माणसानं एका आवडत्या व्यक्तीसाठी केलेली माळ श्रेष्ठ आणि कारागिराची दुय्यम म्हणायची का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. जपाच्या दृष्टीनं तर माळ हातची की यंत्रावरची यानंही फरक पडत नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. यंत्रावर कातलेल्या १०८ मण्यांवर १०८ नामंच होतात. फरक पडतो तो दानाच्या बाजूनं. तत्त्वार्थसूत्रानं करणं, करवून घेणं आणि अनुमोदन देणं ही तिन्ही एकाच हिशेबात धरली आहेत. पापाची जबाबदारी ‘मी स्वतः केलं नाही, करवून घेतलं’ म्हणून टळत नसेल, तर चांगल्या कामातला वाटाही तसाच मिळाला पाहिजे. म्हणून ज्याला मणी कातता येत नाही त्यानं कारागिराकडून माळ करवून घेतली तरी देणं खोटं ठरत नाही. मात्र त्याबरोबर जबाबदारीही येते: त्या कारागिराला काय मिळालं, लाकूड खरंच तुळशीचं आहे का, हे विचारणं आता त्याचं काम आहे. ‘बाजारात जे मिळालं ते आणलं’ असं म्हणून त्याला मोकळं होता येणार नाही, कारण अनुमोदनही त्या १०८ मध्ये मोजलेलं आहे.

तिसरी शंका घेणाऱ्याच्या बाजूची, आणि तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. वारकरी परंपरेत गळ्यात तुळशीची माळ घालणं म्हणजे एक करार आहे. माळकरी झाला की मांस-मद्य सुटलं, एकादशी आली, पंढरीची वारी आली. ही माळ ज्येष्ठ वारकऱ्याकडून किंवा महाराजांकडून घेतात, आणि घेणारा ती स्वतः मागतो. माळ तुटली तर ती पुन्हा गळ्यात पडेपर्यंत अन्नाला न शिवणारे माळकरी आहेत. चोखोबांच्या काळापासून, ज्यांना पंढरपूरच्या देवळाचा दरवाजा बंद होता त्यांनीही ही वाट धरली. तो दरवाजा उघडावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. एवढं वजन असलेली वस्तू वाढदिवसाच्या पाकिटाबरोबर कुणाच्या गळ्यात टाकणं म्हणजे त्याचं व्रत आपण ठरवणं. ते योग्य नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितलं आहे, आणि परतफेडीची अपेक्षा नको असंही. त्यातलं पात्र पाहणं म्हणजे माणसाची लायकी जोखणं, असा अर्थ अनेकदा घेतला जातो. मला वाटतं, या माणसाला ही गोष्ट हवी आहे का, एवढं पाहणं इथं पुरेसं आणि आवश्यक आहे. हातात धरून जप करायची माळ द्यायला हरकत नाही, कारण ती पेटीत पडून राहिली तरी कुणाचा नेम मोडत नाही. गळ्यातली माळ मात्र ज्यानं त्यानं मागून घ्यावी. गोव्यात ख्रिस्ती आजीच्या हातचा रोझार, म्हणजे जपमाळ, नातीकडे येतो, तोही प्रार्थना कधी करायची हे ठरवून देत नाही. ५९ मण्यांची ती दोरी घरात असते आणि नात तिच्या वेळेला ती हातात घेते किंवा घेत नाही.

तेव्हा ज्यांना अशी भेट द्यायची आहे त्यांना माझी विनंती एवढीच. ज्याच्यासाठी माळ करायची त्याला आधी विचारा. स्वतः करणार असाल तर चिरलेला मणी खपवू नका, आणि देताना कष्टांची कहाणी सांगू नका. करता येत नसेल तर पंढरपुरात चौकशी करून हातानं मणी कातणाऱ्याकडूनच माळ घ्या, आणि तो सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्या.