रात्रीचा मुक्काम

सरपंच असताना मी किती कागदांवर सह्या केल्या त्याचा हिशोब नाही. रहिवासी दाखले, ना हरकत दाखले, कुणाच्या गायीच्या कर्जाचं, कुणाच्या म्हातारीच्या पगाराचं. बहुतेक विसरलो. एक सही मात्र विसरत नाही. त्या कागदावर मजकूर एवढाच होता, की सदर शिक्षक मुख्यालयी, म्हणजे आमच्या गावात राहतात. ते राहत नव्हते. मला माहीत होतं, ग्रामसेवकाला माहीत होतं, शिपायाला माहीत होतं, आणि शिक्षक तर समोरच उभे होते. चौघांनी मिळून एक वाक्य खरं ठरवलं. मग शिपायानं चहा आणला. गंमत अशी, की त्या कागदावर शिक्का मारणारा ग्रामसेवकही रोज बार्शीहूनच यायचा.

शहरातल्या वाचकाला यातली भानगड कळायची नाही म्हणून सांगतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकानं नोकरीच्या गावात राहावं असा नियम आहे. त्याला पगाराबरोबर घरभाडं मिळतं, ते त्याच बोलीवर. गावात राहतो असा दाखला दिला की घरभाडं निघतं. 2019 साली शासनानं नुसत्या दाखल्यावर भागायचं नाही, ग्रामसभेचा ठराव पाहिजे असं केलं. म्हणजे आधी एकटा सरपंच खोटं बोलायचा, आता सगळ्या गावानं हात वर करून बोलायचं. 2022 च्या पावसाळी अधिवेशनात हा विषय विधानसभेत निघाला, शिक्षक चिडले, महिनाभर पारावर तीच चर्चा. मग सोयाबीनची काढणी आली आणि लोक विसरले.

आमचं गाव बार्शीच्या पुढं बारा किलोमीटर. आता सगळे मास्तर बार्शीहून येतात. अप-डाऊन हा शब्द आमच्या म्हाताऱ्या बायकांनाही पाठ झालाय. पण माझ्या लहानपणी तसं नव्हतं. आमचे गुरुजी मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या खोलीत राहायचे. एक लोखंडी ट्रंक, एक कंदील, भिंतीला टांगलेली छत्री. बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आईबाप खडी फोडायला जायचे, शाळेत आम्हाला सुकडी मिळायची. घरी लाल मिलोची भाकरी असायची, ती घशाखाली उतरायची नाही. गुरुजी तीच भाकरी खायचे. रात्री कंदिलापाशी आम्हा सात-आठ पोरांना बसवायचे. कुणाला ताप आला तर बैलगाडी जुंपायला सांगायचे, कुणाच्या भावाभावाचं भांडण लागलं तर मधी पडायचे. मी दहावीपर्यंत गेलो, 1977 ला पास झालो, ते त्या कंदिलामुळं. पुढं शिकायची ऐपत नव्हती हा भाग वेगळा.

त्यामुळं सरपंच झाल्यावर पहिल्याच ग्रामसभेत मी तावातावानं बोललो. म्हणालो, मास्तर हा गावचा माणूस पाहिजे. साडेदहाला येणारा आणि पाचला जाणारा मास्तर नव्हे, तो पाव्हणा. एसटीचा ड्रायव्हर-कंडक्टर मुक्कामी गाडी घेऊन येतो, पारावर गाडी लावून रात्री गावात झोपतो, आणि आमच्या पोरांचा मास्तर झोपत नाही? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं.

सभा संपल्यावर शाळेतल्या बाई माझ्याकडं आल्या. त्या वेळी त्यांचं मूल दीड वर्षाचं होतं. म्हणाल्या, “आण्णा, उद्यापासून राहते. फक्त एक खोली दाखवा, जिला संडास आहे.”

मी डोळ्यापुढून अख्खं गाव फिरवलं. भाड्यानं द्यायच्या तीन खोल्या होत्या. एकीत कडबा होता. दुसरीला दाराची कडी नव्हती. तिसरी बरी होती, पण सगळ्यांनाच पहाटे टमरेल घेऊन वढ्याकडं जायला लागायचं. आमच्या घरातही तेव्हा संडास नव्हता. सरपंचाच्या घरात! बाई वाट बघत उभ्या होत्या. मी म्हणालो, “बघतो.” आठ दिवसांनी त्यांच्या दाखल्यावरही सही केली.

तेव्हापासून एक विचार डोक्यात घोळतोय. आमच्याकडं शेतावर दोन प्रकारची माणसं असतात. सालगडी आणि रोजगारी. सालगड्याला आपण वस्तीवर जागा देतो, धान्य देतो, त्याच्या पोरीच्या लग्नाला उभे राहतो. म्हणून रात्री-अपरात्री मोटार चालू करायला त्याला हाक मारायचा हक्क आपल्याला वाटतो. रोजगाऱ्याला दिवस मावळला की आपण थांब म्हणत नाही. त्याची रात्र आपण घेतलेली नसते. जुन्या गुरुजींना गावानं खोली दिली होती, घरोघरची भाकरी दिली होती. त्यांचं न् गावाचं देणंघेणं दोन्हीकडून होतं. आता आम्ही मास्तरला देत काहीच नाही, आणि त्याची रात्र मात्र मागतो.

हे म्हणायला बरं आहे. पण तेवढ्यानं सुटत नाही. बाई बार्शीत राहिल्या त्यात मला काही वावगं दिसत नाही. ‘राहतात’ असं लिहिलं, ते वावगं.

मग माझाच मुलगा मास्तर झाला.

डी.एड. करून 2010 ला तो शिक्षणसेवक म्हणून लागला. शाळा माढा तालुक्यात, कुर्डुवाडीच्या पलीकडं नऊ किलोमीटरवर, दोन शिक्षकी. पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन, घरभाडं नाही, त्यामुळं दाखल्याचा प्रश्नच नव्हता. तो घरूनच जायचा. एका अंगाला पन्नासच्या पुढं किलोमीटर, जाऊन येऊन शंभराच्या वर. सकाळी आठला मोटारसायकलवर बसायचा, घरी यायला सात वाजायचे. मला ते बरं वाटायचं. पोरगं घरात आहे, सकाळी जाण्याआधी धार काढतं, रविवारी फवारणी करतं. त्याच्या मणक्याचं काय होत असेल हा विचार मी केला नाही, खोटं कशाला बोलू. एकदा म्हणालो, आपल्या भागात छोट्या रेल्वेनं बार्शीहून कुर्डुवाडीला माणसं कामाला जायची, तसंच हे. ती अडीच फुटी रुळांची गाडी 1897 साली सुरू झालेली, माझ्या आज्याच्याही आधीची. पोरगा म्हणाला, “आण्णा, त्या माणसांना गाडीत झोपता यायचं. मला झोपता येत नाही.”

तिसऱ्या वर्षी जानेवारीत, कारखाने चालू असताना, तो अंधारात उसाच्या ट्रॉलीला धडकला. ट्रॉली रस्त्यात नादुरुस्त उभी होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसता एक धोंडा ठेवलेला. गळपट्टीचं हाड मोडलं. माणूस वाचला.

दवाखान्यातून आणल्यावर तिसऱ्या दिवशी जेवताना विषय निघाला. जागा तीन. एक, घर. दोन, शाळेचं गाव. तीन, कुर्डुवाडी. सूनबाई पदर सावरून दाराशी उभी होती, बोलत नव्हती, पण तिचं मत सगळ्यांना कळत होतं. नातू तीन वर्षांचा झालेला, कुर्डुवाडीत शाळा होती, दवाखाना होता, नळाला पाणी होतं. शाळेच्या गावात पोरानं खोली बघून ठेवली होती. पत्र्याची, शेजारी दारूचा गुत्ता. मी म्हणालो, “मास्तरनं शाळेच्या गावातच राहावं.” एवढं बोललो आणि स्वतःलाच ऐकू आलं, की हा बाप बोलत नाही, ग्रामसभेतला सरपंच बोलतोय. मंडळी भांडी उचलता उचलता म्हणाल्या, “आवं, ते तुमचं भाषाण ठिवा बाजूला. नातवाला गुत्त्याशेजारी ठेवताव व्हय?”

मीच म्हणालो, कुर्डुवाडीला जा.

त्यांची ट्रंक, म्हणजे आता ट्रंक नसते, दोन बॅगा आणि गॅसची टाकी, टेम्पोत भरून दिली. घर मोकळं झालं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या आठवड्यात आता मी एकटा बॅटरी घेऊन दारं धरतो. मंडळी जाग्या राहतात, दर तासाला फोन करतात. याची मी तक्रार करत नाही. पण कुणी कुठं राहायचं हे ठरतं तेव्हा कुणाची तरी रात्र दुसऱ्याच्या अंगावर पडते, हे मला त्या दाऱ्यावर उभं राहून कळलं.

त्याच उन्हाळ्यात तो कायम झाला आणि घरभाड्याचा कागद आला. सुट्टीला आला होता. कागद बाजेवर ठेवून म्हणाला, “आण्णा, यावर काय करू?” कागदावर तेच वाक्य. सदर शिक्षक मुख्यालयी राहतात. फक्त गाव दुसरं आणि सरपंच दुसरा.

मी विचारलं, “तुला काय वाटतं?”

तो म्हणाला, “कुर्डुवाडीत भाडं तर मी खरंच भरतोय. पैसा भाड्यालाच जातो. पण राहतो तिथं नाही.” थोडं थांबून म्हणाला, “भत्ता नको म्हणून अर्ज देऊ का?”

मला वाटलं, दे म्हणावं. तोंडापर्यंत आलं. तेवढ्यात त्यानंच सांगितलं, की जोडीदार मास्तरही कुर्डुवाडीतच राहतात, त्यांना घराचा हप्ता आहे, आई अंथरुणाला खिळलेली आहे. यानं एकट्यानं खरं लिहिलं की त्यांचं खोटं आपोआप उघडं पडतं. केंद्रातल्या बाकीच्या शाळांतही तीच गत. आता सांगा. स्वतः खरं बोलायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण त्याची किंमत शेजाऱ्यानं मोजायची असेल तर? मला उत्तर आलं नाही. मी म्हणालो, “तुझ्या मनाला पटंल तसं कर.” बाप हे वाक्य कधी बोलतो ते सगळ्या बापांना माहीत आहे. त्यानं कागद भरला. दुसऱ्याच्या लेकराला भर सभेत जो नियम लावला, तो माझ्या लेकराला बाजेवर बसून लावता आला नाही.

मनाची समजूत घालायला मला एक गोष्ट सापडली होती. बार्शीत एका लग्नात आमच्या जुन्या गुरुजींचा मुलगा भेटला. तोही आता निवृत्त झालेला, केस पांढरे. मी त्याचे हात धरले, गुरुजींचं कौतुक सांगितलं, कंदील, सुकडी, मिलोची भाकरी, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुमच्या गावात आमचे वडील फार आवडायचे म्हणतात. आम्हाला ते फारसे माहीत नाहीत. दिवाळीत आणि मे महिन्यात यायचे.” पंगत बसली म्हणून तो उठून गेला. ज्या रात्री मला मिळाल्या त्या कुणाच्या तरी होत्या, हे पन्नास वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता ही गोष्ट मी माझ्या बाजूनं वापरायचो. माझा नातू बापाला ओळखतो, असं म्हणायचो. पण ती पुरती माझ्या बाजूची नाही. त्या कंदिलाशिवाय मी हे चार शब्द लिहू शकलो नसतो, हेही तितकंच खरं.

गेल्या वर्षी पोराच्या शाळेच्या गावात एक खिलार कालवड विकायची आहे असं कळलं म्हणून बघायला गेलो. पोरगा शाळेत आणि मी एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात. कालवड चांगली होती, भाव जमला नाही. मी कोण हे त्याला ठाऊक होतं. चहा पिता पिता मीच विचारलं, गुरुजी कसे आहेत.

“गुर्जी चांगलं हैत,” म्हातारा म्हणाला. “येळंवर येत्यात. माझ्या नातीला नवोदयला त्येंनीच बसिवली, लागली बी. तक्रार न्हाई. फकस्त राती कुणाला काय इचारायचं म्हटलं तर फोन लावाय लागतो. आन फोन लागत न्हाई.”

मी म्हणालो, “ठराव होतो ना तुमच्याकडं? गावात राहतात म्हणून?”

“हुतो की. पयला हात म्याच वर केला.”

“खोटं आहे हे माहीत असून?”

त्यानं कपातला चहा बशीत ओतला, फुंकून प्यायला. म्हणाला, “माझं धाकलं पोरगं पुण्याला हाय. रेशनकार्डावर आजून हितंच ऱ्हातंय.”

पाच वाजता शाळेची घंटा झाली. मी रस्त्यावर येऊन थांबलो. पोरानं वर्गाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, गाडी काढली. तीन-चार पोरं गाडीभोवती घुटमळत होती. त्यातला एक वही दाखवून काहीतरी विचारत होता. पोरानं गाडी बंद केली, टाकीवर वही ठेवून त्याला समजावून सांगितलं. मग घड्याळ बघितलं. नातवाला शिकवणीहून आणायचं होतं. मी मागं बसलो. गाडी निघाली तशी ती पोरं वेशीपर्यंत पळत आली, आणि वहीवालं पोरगं त्याच्याही पुढं, पुलापर्यंत.