न आठवणाऱ्या वेदनेचा प्रश्न

पडताना टेकलेल्या तळहातावर भार येऊन मनगटापाशी मोडणाऱ्या हाडाचे वर्णन डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोल्स यांनी १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी केले. असे हाड जागेवर बसवायला काही मिनिटेच लागतात. परंतु तेवढ्यासाठी कोणती भूल द्यावी, या वैद्यकीय निर्णयाच्या तळाशी दुःख कशाला म्हणावे हा दर्शनशास्त्राचा जुना प्रश्न आहे.

मोडलेल्या जागी साकळलेल्या रक्तातच लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध टोचले, तर रुग्ण जागा राहतो आणि श्वासाला सहसा धोका पोचत नाही, मात्र वेदना पुरती थांबेलच असे नाही. ऑगस्ट बिअर यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दंडाला हवेच्या दाबाचा पट्टा आवळून हाताच्या शिरेत बधिर करणारे औषध सोडतात. त्यात वेदनाशमन अधिक चांगले होते, पण पट्टा अवेळी सैल झाला तर तेच औषध हृदयाकडे धाव घेते, म्हणून हाड लवकर बसले तरी साधारण वीस मिनिटे तो सोडत नाहीत. तिसरा मार्ग गुंगीचा, आणि खरा पेच तिथेच आहे.

गुंगीसाठी वापरले जाणारे मिडाझोलॅम हे वेदनाशामक नव्हे. ते मन शांत करते आणि नव्या अनुभवाची स्मृती बनू देत नाही. त्यामुळे हाड ओढताना ओरडलेला रुग्ण नंतर ‘काहीच कळले नाही’ असे सांगतो व सर्वांचे समाधान होते. पण न्यायदर्शनाच्या मते दुःख हा आत्म्याचा क्षणिक गुण असून स्मृती अनुभवाने मागे ठेवलेल्या संस्कारातून उपजते. तेव्हा संस्कार उमटला नाही, एवढ्यावरून अनुभवच नव्हता असे ठरत नाही. ‘सुखाने झोपलो’ या जागेपणीच्या स्मरणावरून अद्वैत वेदान्ती गाढ झोपेतही साक्षी चैतन्य असल्याचे मानतात, म्हणजे स्मृती हा अनुभवाचा पुरावा ठरतो. पण स्मृतीचा अभाव हा अनुभवाच्या अभावाचा पुरावा ठरत नाही, आणि रुग्णाच्या नंतरच्या साक्षीवर विसंबणारे नेमके इथेच चुकतात.

तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये दाखवले की, विसरवली गेलेली दीर्घ, वेदनादायक शस्त्रक्रिया होऊन गेली आहे, हे ऐकून माणूस सुटकेचा श्वास सोडतो, कारण मागचे दुःख त्याला पुढच्या दुःखाइतके छळत नाही. हे रुग्णाच्या बाजूने खरे असेल. वैद्य मात्र दुःखाच्या अलीकडे उभा असतो आणि त्याच्या दृष्टीने ते अजून यायचे आहे. न आलेले दुःखच टाळण्याजोगे, असे योगसूत्रकार पतंजलीही मानतात.

अर्थात वेदना मिटवण्यासाठी गुंगी गडद करत नेली तर श्वास मंदावतो, आणि फुप्फुसे अधू झालेल्या वृद्धेच्या बाबतीत काही मिनिटांच्या कळेपेक्षा तो धोका मोठा ठरू शकतो. या दोहोंचे माप एक नाही. म्हणून शक्य तिथे निवड रुग्णाला समजावून, त्याला विचारूनच व्हावी. जोखीम टाळण्यासाठी थोडी कळ सोसायला तो स्वतः तयार झाला, तर ते त्याचे सोसणे होय. पण ‘नंतर आठवणार नाही’ एवढ्या आधारावर वेदनाशामकात हात आखडता घेणे, हा रुग्णावर अन्यायच आहे.